सीएचटूओ म्हणजे नक्की कोण?

एखाद्याला विचारावं, ‘घरी किती माणसं?’ आणि त्यानं गंभीर चेहऱ्यानं सांगावं, ‘एका मोठ्या माणसामागे दोन पोरं.’ घरात तिघं आहेत की अठरा, ते आपण शोधायचं. एम्पिरिकल फॉर्म्युला, म्हणजे पदार्थातल्या अणूंचं फक्त लहानात लहान गुणोत्तर सांगणारं सूत्र, हा असला इसम आहे.

लेकीनं वही पुढे सरकवली. ४० टक्के कार्बन, ६.७ टक्के हायड्रोजन, ५३.३ टक्के ऑक्सिजन. ओळखा पाहू! या टक्केवारीवर जाऊ नये. काठावरही पास न होणारा हायड्रोजन अणूंच्या मोजणीत पहिला येतो, कारण तो वजनाला १, कार्बन १२, ऑक्सिजन १६. प्रत्येकाला आपापल्या वजनानं भागा, मग सगळ्यांना त्यातल्या सर्वांत लहान आकड्यानं भागा. उरतं १:२:१. सीएचटूओ!

मी पेनाला टोपण लावलं.

‘‘बाबा, हे एम्पिरिकल झालं. एका रेणूत खरोखर किती अणू ते सांगणारं रेणुसूत्र कुठंय?’’

टोपण काढलं. आता या सीएचटूओचे दावेदार बघा. फॉर्माल्डिहाइड, व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड, दह्यातलं लॅक्टिक ॲसिड आणि ग्लुकोज. मेलेला बेडूक बरणीत टिकवणारं आणि जित्या माणसाला सलाईनमधून चढवतात ते, दोघांची टक्केवारी दशांशापर्यंत तीच! फरक फक्त रेणुवस्तुमानात: ३०, ६०, ९० आणि १८०. गणितात १८० दिलेलं. ३० नं भागलं, ६ आले, सगळ्याला सहानं गुणलं. सी-सिक्स एच-ट्वेल्व्ह ओ-सिक्स. ‘ग्लुकोज!’ मी जाहीर केलं. ‘‘फ्रुक्टोजचंही हेच आहे,’’ लेक म्हणाली. सूत्र एकच, अणूंची मांडणी वेगळी. अशा जोड्यांना स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसनं १८३० च्या सुमारास आयसोमर हे नाव देऊन ठेवलंय. बारसं करून तो मोकळा झाला.

पुढचं गणित क जीवनसत्त्वाचं. तिथं गुणोत्तर आलं १:१.३३:१. तो १.३३ गपचूप १ करून टाकावा, असं कोणत्याही सज्जन माणसाला वाटणारच. पण अणूचा तुकडा चालत नाही तसा त्याचा निकालही परस्पर लावता येत नाही. तिनानं गुणायचं: ३:४:३. वस्तुमान ८८. खरं १७६, म्हणून पुन्हा दुप्पट. सहा, आठ, सहा.

शेवटचा प्रश्न मिठाचा होता. सोडियम एक, क्लोरीन एक. रेणुसूत्र?

‘‘नसतंच,’’ लेक म्हणाली. ‘‘मिठात रेणूच नसतात. आयनांची, म्हणजे विद्युतभारित अणूंची, नुसती रांगच रांग.’’

असा समजूतदार पदार्थ पहिल्या पानावर का देत नाहीत?