पी व्हॅल्यू 0.02 म्हणजे 98 टक्के खात्री? नाही हो

सायकॉलॉजीच्या पोरांच्या नोट्समध्ये एक वाक्य सारखं फिरतंय, की पी व्हॅल्यू 0.02 आली म्हणजे आपलं गृहीतक खरं असायची शक्यता 98 टक्के. हे चुकीचंय, आणि मी पण पहिल्या वर्षी हेच घोकलं होतं. पी व्हॅल्यू म्हणजे, खरं तर काही परिणामच नाही असं धरलं, तर आपल्याला आला तसा किंवा त्याहून टोकाचा निकाल यायची शक्यता.

खिशातलं साधं नाणं 10 वेळा उडवा, समजा 9 वेळा छापा पडला. नाणं सरळ असेल, म्हणजे छापा-काट्याची शक्यता सारखीच असेल, तर एखादी बाजू 9 किंवा 10 वेळा पडायची शक्यता 1024 पैकी 22, म्हणजे जवळपास 0.02, हीच ती पी व्हॅल्यू. आता यावरून नाणं खोटं असायची शक्यता 98 टक्के आहे म्हणाल का? नाही ना, कारण हा सगळा हिशोबच नाणं सरळ आहे असं धरून केलाय, मग तोच आकडा ते सरळ आहे की नाही हे कसं सांगणार!

अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2016 मध्ये हे स्पष्ट लिहून दिलंय. आणि पी व्हॅल्यू 0.05 च्या खाली आली तरच निकाल दखल घेण्याजोगा मानायचा, ही रेघ संख्याशास्त्रज्ञ फिशरने 1925 च्या सुमारास सोयीसाठी सुचवलेली, तो काही निसर्गनियम नाही, 0.049 आणि 0.051 मध्ये तसा काय फरक पडतो. परिणाम किती मोठा आहे ते बघायचं तर इफेक्ट साइझ बघा, पी व्हॅल्यू ते सांगत नाही.