सासूबाईंचं यंत्र भंगार नाही, ताई

ताई, तुमचं म्हणणं असं, की हातात धरायच्या ईसीजी यंत्राच्या (धातूच्या पट्ट्यांवर बोटं टेकली की हृदयाच्या ठोक्यांची रेघ दाखवतं ते) सफाईवर मी उगाच पानभर लिहून लोकांना घाबरवलं. सासूबाईंचं यंत्र तुम्ही रोज सॅनिटायझरने पुसता, तरी ‘वाचता येत नाही’ असंच येतं, म्हणजे यंत्रच भंगार.

घोळ त्या सॅनिटायझरमध्येच असावा, असं मला वाटतं. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातही १.४५ टक्के आहे. अल्कोहोल उडून जातं, ग्लिसरीन मागे राहतं. रोज पुसलं की रोज एक पापुद्रा. त्यावर खोबरेल तेलाचा अंगठा टेकला, की झालं. मेडिकलमधून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणा, मऊ कापडावर घ्या (यंत्रावर ओतू नका), धातूच्या पट्ट्या पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ब्लीच, नेलपॉलिश काढायचं द्रव यांच्या वाटेला जाऊ नका.

आता माझी चूक. ‘ओल्या फडक्याने पुसलं तरी चालतं’ असं मी लिहिलं होतं. आमच्या परभणीकडे बोअरचं पाणी म्हणजे काय, हे मला ठाऊक असताना! बादलीच्या काठावर पांढरा थर बसवणारं पाणी पट्टीवर काय चांगलं करणार? पाण्याबद्दलचं तुमचं बोलणं मान्य. ती ओळ काढून टाकली.

पण दोष फक्त पट्टीचा नसतो, बोटांचाही असतो. कोरड्या कातडीतून वीज नीट जात नाही. ईसीजीचे जनक डच शास्त्रज्ञ आइंटहोव्हेन (१९२४ चं नोबेल याच कामासाठी) माणसाचे हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून ईसीजी काढायचे, ते याचसाठी. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे गेला की म्हाताऱ्या माणसांची बोटं पापडासारखी होतात. आमच्या घरच्या अण्णांची तशीच व्हायची. हात साबणाने धुऊन पुसायचे, बोटांना किंचित ओल लावायची, आणि दोन्ही कोपरं मांडीवर टेकवून अर्धा मिनिट गप्प बसायचं. आमचं शेवटचंच अवघड; अण्णा मधेच पावसाचं काय म्हणतात ते विचारायचे आणि रेघ नाचायची.

रेघेवर कंगव्याच्या दातांसारखी बारीक, एकसारखी थरथर दिसत असेल, तर ती घरातल्या ५० हर्ट्झ विजेची. मोबाइल चार्जरवरून काढा, कूलरपासून लांब बसा. ठेवायची जागाही बघा: यंत्र तापत्या पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका, ओलीत माठाशेजारीही नको. बटणासारखा सेल असेल आणि महिनोन् महिने वापर नसेल, तर काढून ठेवा.

एवढं मात्र घाबरवूनच सांगतो: या यंत्रात हृदयाची एकाच दिशेने घेतलेली रेघ दिसते. ती चांगली आली म्हणून हार्ट अटॅक नाही असं होत नाही. छातीत कळ, घाम, धाप असं काही झालं तर पट्ट्या पुसत बसू नका, १०८ ला फोन लावा.

आठवडाभर करून बघा, सेलही बदला. तरी तेच आलं, तर दुरुस्तीला द्या. तिथेही जमलं नाही, तर भंगार म्हणायला मीही येतो.