‘तुम्हाला इंग्लिश म्हणणार कोण?’ एका कमेंटला जरा लांबलचक उत्तर

दादा, नमस्कार. तुमची कमेंट काल रात्री वाचली, चार ओळीत उत्तर टाकू म्हणून बसले आणि ते वाढतच गेलं, म्हणून सरळ वेगळी पोस्ट टाकतेय. ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मागच्या पोस्टमधे मी लिहिलं होतं की इंग्लंडमधल्या डर्बिशायरमधे इतकी वर्षं काढल्यावर आता मला थोडंफार इंग्लिश असल्यासारखं वाटतं, नुसतं ब्रिटिश नाही. त्यावर दादांचं म्हणणं, पासपोर्ट मिळाला, ब्रिटिश झालात, ठीक आहे, पण इंग्लिश असणं रक्तात असतं, गोरे तुम्हाला कधीच आपलं म्हणणार नाहीत, फायनल हरले की काळ्या खेळाडूंना काय बोलतात ते बघा, आणि ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांच्यातलं एक ‘वाटणं’ ही गुलामी मानसिकता. शेवटी नेहमीचा यशस्वी प्रश्न, मॅचला कुणाच्या बाजूने?

आधी रक्ताचं घेऊ. तुमचंच म्हणणं फेब्रुवारी २०२५ मधे एका मोठ्या व्यक्तीने जाहीरपणे मांडलं होतं आणि ती व्यक्ती आहे सुएला ब्रेव्हरमन, माजी गृहमंत्री, वडील केनियातून आलेले मूळचे गोंयकार, आई मॉरिशसची. त्यांनी लिहिलं की मी इथे जन्मले तरी खऱ्या अर्थाने इंग्लिश कधीच होणार नाही. त्याच सुमाराला ऋषी सुनक यांना हेच विचारलं तर ते म्हणाले, अर्थातच मी इंग्लिश आहे, इथे जन्मलो, इथे वाढलो. आता बघा, दोघं १९८० साली इंग्लंडमधे जन्मले, दोघांच्या घरचे बाहेरून आलेले, दोघं एकाच मंत्रिमंडळात बसलेले, आणि उत्तरं एकदम उलटी. मग रक्ताने नक्की काय ठरवलं?

आता गोऱ्यांचं. त्यांचं त्यांना तरी पक्कं माहितीये असं तुम्हाला वाटतं का? २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ५७.७ टक्के लोकांनी आपली ओळख ‘फक्त इंग्लिश’ अशी सांगितली होती, ‘फक्त ब्रिटिश’ म्हणणारे १९.१ टक्के. दहा वर्षांनी, २०२१ मधे, ‘फक्त इंग्लिश’ उरले १४.९ टक्के आणि ‘फक्त ब्रिटिश’ झाले ५४.८. मधे काय भूकंप झाला? ब्रेक्झिट झालं, कोविड झाला, सगळं खरं, पण एक साधी गोष्ट अशी झाली की इंग्लंडमधल्या फॉर्मवर पर्यायांचा क्रम बदलला. आधी ‘इंग्लिश’ पहिलं होतं, आता ‘ब्रिटिश’ पहिलं आलं. आकडेवारी काढणाऱ्या सरकारी ऑफिसनेच सांगितलं की फरकामागे हेही कारण आहे. म्हणजे कोट्यवधी लोकांनी वरचा पहिला चौकोन बघितला, बरं आहे म्हणाले, टिक केली आणि चहा टाकायला उठले. यांच्याकडे मी परवानगी मागायला जायचं?

आणि परवानगी द्यायला ऑफिस तरी कुठाय. ब्रिटिश व्हायचं तर रीतसर रस्ता आहे, फॉर्म, वारेमाप फी, ‘लाइफ इन द यूके’ची परीक्षा (२४ प्रश्न, १८ बरोबर यायला हवेत), मग टाउन हॉलमधे राजाशी इमान राखायची शपथ. इंग्लिश व्हायला काहीच नाही. स्कॉटलंडला स्वतःची पार्लमेंट आहे, इंग्लंडला नाही. इंग्लंडचा संरक्षक संत सेंट जॉर्ज, त्याच्या दिवशी, २३ एप्रिलला, इथे सुट्टीसुद्धा नसते, स्कॉटलंडला त्यांच्या सेंट अँड्र्यूच्या दिवशी असते. लिव्हरपूलमधे जाऊन कुणाला इंग्लिश म्हणून बघा, बरेच जण म्हणतील आम्ही स्काउझर (म्हणजे लिव्हरपूलकर), इंग्लिश वगैरे नंतर.

मग मला जे वाटतं ते कुठून येतं? माझ्यापुरतं सांगते, चर्चच्या टॉवरमधून. मी चर्चच्या घंटा वाजवते. हसू नका. इथल्या चर्चमधे घंटा नुसत्या टण टण हलवत नाहीत, प्रत्येक घंटा चाकावर पूर्ण गोल फिरते, एका घंटेला एक माणूस आणि खाली एक दोर. दोरावर लोकरीचा जाड रंगीत पट्टा असतो, त्याला सॅली म्हणतात, तो वेळेवर सोडायचा, नाही सोडला तर घंटा तुम्हाला दोरासकट वर ओढून नेते, हातपाय मोडलेत लोकांचे. पहिली घंटा (तिला ट्रेबल म्हणतात) वाजवणारी ओरडते ‘लुक टू! ट्रेबल्स गोइंग... शीज गॉन!’ आणि सुरू. गाणंबिणं काही नाही, फक्त क्रम बदलत राहायचा, एका वेळी कुठलीही घंटा एकच जागा पुढे किंवा मागे सरकणार. सात घंटांचे ५०४० वेगवेगळे क्रम होतात, एकही परत न येता ते सगळे वाजवायला तीनेक तास लागतात आणि कुणासमोर कागद नसतो, सगळं डोक्यात. हा प्रकार जगात सगळ्यात जास्त इंग्लंडमधेच चालतो, बाहेर जिथे आहे तिथे बहुतेक ठिकाणी इंग्लिश लोकच घेऊन गेलेत.

वातावरण म्हणाल तर गणपतीआधीच्या ढोल पथकाच्या प्रॅक्टिससारखंच, तेच टोमणे, तेच ‘लक्ष कुठाय’. आमच्या टॉवर कॅप्टन, म्हणजे घंटा वाजवणाऱ्यांच्या प्रमुख, सत्तरी ओलांडलेल्या बाई आहेत. त्यांनी मला तुम्ही मूळच्या कुठल्या, तुमचा देव कोण, असलं कधी विचारलं नाही, विचारलं ते एवढंच की पुढच्या आठवड्यात येणार ना, पाच नंबरला कुणी नाहीये. (देवावर तिथल्या निम्म्या लोकांचा तरी विश्वास असेल की नाही शंका आहे.) नोव्हेंबरमधे रिमेंबरन्स संडेला, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी, घंटेच्या लोलकाला एका बाजूने चामड्याची गादी बांधतात, म्हणजे एक ठोका खणखणीत आणि पुढचा दुरून आल्यासारखा. ती बांधायला मागच्या वर्षी मी शिडीवर चढले होते, घंटांवर कबुतरांची घाण, जाकीट वाया गेलं. मला इंग्लिश वाटतं म्हणजे हे वाटतं, की गावाच्या एका कामात माझा नंबर आहे आणि मी गेले नाही तर एक घंटा कमी वाजते. कुणी सर्टिफिकेट दिलं नाही तरी पाच नंबर माझाच.

गुलामी मानसिकतेबद्दल. लूट झाली, दादा, त्यात माझं तुमचं काही दुमत नाही, लेकीला जालियनवाला मी घरीच सांगितलंय, शाळेवर सोडलं नाही. पण इंग्लंड म्हणजे फक्त व्हाइसरॉय आणि कलेक्टर हे मला पटत नाही. आमच्याजवळ किंडर स्काउट नावाचं पठार आहे. बड्या जमीनदारांनी ते शिकारीच्या पक्ष्यांसाठी सामान्य माणसांना बंद केलेलं होतं. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टर-शेफील्डकडची कामगार पोरं मुद्दाम तिथे घुसली, राखणदारांशी मारामारी झाली, पाच जण तुरुंगात गेले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन, वय २०, आईवडील रोमेनियातून आलेले ज्यू. त्याला चार महिने. पुढे १९५१ मधे हाच भाग देशातला पहिला नॅशनल पार्क झाला. आज मी रविवारी चिखलात बूट रुतवत तिथे फिरते ते त्याच्यासारख्यांमुळे. आणि १९३१ मधे गांधीजी लँकेशायरमधे डार्वेनला गेले तेव्हा त्यांच्या बहिष्काराने ज्यांचं काम गेलं त्याच गिरणी कामगारांनी त्यांचं स्वागत केलं होतं. हे इंग्लंड मला आपलं वाटलं तर त्यात गुलामी कुठली आली?

फुटबॉलचं मात्र तुमचं खरं आहे. २०२१ च्या युरो फायनलला इंग्लंडच्या रॅशफर्ड, सांचो, साका या काळ्या खेळाडूंच्या पेनल्टी चुकल्या आणि रात्रीतून त्यांच्यावर नको ते लिहिलं गेलं. मँचेस्टरमधलं रॅशफर्डचं भित्तिचित्र खराब केलं, आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी त्याच भिंतीवर चिठ्ठ्या, कागदी हार्ट्स चिकटवून ती झाकून टाकली. दोन्ही इंग्लिशच. २०२५ च्या उन्हाळ्यात विजेच्या खांबांवर सेंट जॉर्जचे, म्हणजे इंग्लंडचे, झेंडे लागले, राउंडअबाउटवर लाल क्रॉस रंगवले, तेव्हा संध्याकाळी त्याखालून चालत घरी येताना मला बरं वाटलं नाही, हे लपवत नाही. वर्षभरापूर्वी युरोच्या वेळी तोच झेंडा शेजाऱ्यांच्या खिडकीत होता तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. पण खांबावर चढणाऱ्यांनी सांगितलं म्हणून मी पाच नंबरचा दोर सोडून देईन असं नाही.

राहिला मॅचचा प्रश्न. क्रिकेटला इंडिया, कधीही, कुठेही. नॉर्मन टेबिट या इथल्या राजकारण्याने १९९० मधे हीच परीक्षा सांगितली होती, बाहेरून आलेले कुणाला चिअर करतात ते बघा म्हणून, त्यात मी नापास आणि मला त्याचं काही नाही. फुटबॉलला इंग्लंड. लेक मात्र डर्बीला जन्मलेली, तिचं सरळ आहे. ऑगस्ट २०२५ ला ओव्हलवर आपण सहा रनने जिंकलो, सिराजने ॲटकिन्सनला बोल्ड केलं, मी सोफ्यावर उड्या मारत होते आणि ही बया फणकारून ‘आई, पुरे आता!’ असं शुद्ध मराठीत ओरडून वर निघून गेली, इंग्लंडचा जखमी क्रिस वोक्स गळ्यात हात बांधून बॅटिंगला आला होता त्याचं तिला रडू येत होतं. आता तिला कुठल्या रक्तात बसवायचं ते तुम्हीच सांगा, कमेंट बॉक्स उघडाच आहे.