अरे, किती आवळाल ते नट!

काल पुन्हा तेच. महूहून इंदूरला परतताना राऊजवळ टायर बसला. स्टेपनी होती, जॅक होता, पण चाकाचा नट हलेना! पान्यावर उभा राहिलो, तरी नाही. आई भर उन्हात रस्त्याच्या कडेला, तिचे गुडघे आधीच दुखरे.

छोट्या गाडीच्या नटाला साधारण 100 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळून आवळण्याचा जोर, पुरतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो. पण टायरवाला नट आवळायची हवेची गन लावतो आणि घर्र घर्र चालूच! बोल्ट ताणला जातो, आटे जातात, कधी बोल्टच तुटतो. "भैया, हाथ से कसो ना," म्हटलं तर "ढीला रह जाएगा साहब!" ढिला का राहील? टॉर्क पाना ठेवा, लावलेल्या आकड्याला पोचून कट्ट वाजलं की थांबा. एवढंच मागतोय!