गोळी घाला म्हणून कुणी सांगितलं?

१ जूनला बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावरून परत येताना पुतण्यानं गाडीवर मागून विचारलं, "काका, गोळी घाला म्हणून सांगितलं कुणी?" मला उत्तर देता येईना. १९८६ ला कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात नऊ जण गेले, हे आम्हाला पाठ. १७ जानेवारी १९५६ चा गोळीबार सुद्धा पाठ. पण हुकूम कुणाचा होता, हे इतक्या वर्षांच्या भाषणांत मी एकदाही ऐकलेलं नाही. हुतात्मा म्हटलं की हार येतात, पुढारी येतात. फिर्यादीचं कुणी बोलत नाही.

जमाव पांगवताना गोळी घातली आणि त्याबद्दल पोलिसावर खटला भरायचा, तर राज्य सरकारची मंजुरी लागते. पूर्वी हे सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम १३२ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसच्या, म्हणजे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १५१ मध्ये आहे. एरवीच्या सरकारी नोकरांसाठी कलम २१८ आहे. त्यात निदान १२० दिवसांची मुदत तरी घातलीय. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात. १५१ ला तीही मुदत नाही. ज्यांच्या पोलिसांनी गोळी घातली त्यांच्याच दारात उभं राहायचं, आणि किती दिवस ते त्यांनीच ठरवायचं!

पण मंजुरी लागते ती खटल्याला, तपासाला नव्हे. इथंच आपली माणसं हात टेकतात.

सुप्रीम कोर्टानं २३ सप्टेंबर २०१४ ला सांगून ठेवलंय की पोलीस गोळीबारात माणूस मेला तर मॅजिस्ट्रेटची चौकशी झालीच पाहिजे. चकमक असेल तर एफआयआर हवा, आणि तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे जायला हवा. हा खटला होता मुंबईतल्या १९९५ ते ९७ मधल्या ९९ चकमकींचा, ज्यांत सुमारे १३५ माणसं मेली. म्हणजे कर्नाटकातून ज्या महाराष्ट्रात जायला आपण सीमाभागातले मराठी लोक एवढी वर्षं झगडतोय, त्याच राज्याच्या पोलिसांबद्दलचा. आपल्या सभेत हे कुणी काढत नाही. मलाही इथं लिहिताना जरा जड जातंय.

आणि नुकसानभरपाई म्हणजे न्याय असं समजू नका. ओडिशात कोठडीत मुलगा गेला, आईनं थेट सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. त्या पत्राचीच याचिका झाली आणि १९९३ ला दीड लाखाचा आदेश निघाला. पण त्याच निकालात कोर्टानं दोषींवर खटला भरायलाही सांगितलं होतं. आपल्याकडे चेक मिळाला की घरचेच म्हणतात, सोडा आता, धारवाडच्या हायकोर्टाच्या चकरा कोण मारणार. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? एका तारखेला अख्खा दिवस मोडतो, आणि हातातले कागद कन्नडमध्ये.

पुतण्या ऐकेना. म्हणाला, माहिती अधिकारात १९८६ ची फाईल मागू. बसलो लिहायला. तर त्या कायद्यात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच चालतो. मराठी त्यात बसत नाही. माझं इंग्रजी अर्ज लिहिण्याइतकं नाही, हिंदी सिनेमापुरतं. पुतण्या शाळेत कन्नड शिकलाय, अक्षर चांगलं आहे त्याचं.

दहा रुपयांची फी मी भरली. अर्ज त्यानं कन्नडमध्ये लिहिला.