‘खेळणं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

‘एक नागपूरकर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, जशी आली तशीच ठेवली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घरच्या सुतारकामाला १८ गेजची ब्रॅड नेलर (हवेच्या दाबाने बारीक खिळे, म्हणजे पिना मारणारी गन) आणि तिला हवा पुरवायला २४ लिटर टाकीचा, १ एचपीचा ऑइल-फ्री (बिनतेलाच्या पंपाचा) कंप्रेसर पुरतो, असं मी आधीच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आपण लिहिता: “२४ लिटर म्हणजे खेळणं आहे. घ्यायचा तर ५० लिटर, २ एचपीच घ्यावा. नागपूरच्या उन्हाळ्यात ऑइल-फ्री मशीन दम टाकते. ब्रॅडने काही टिकत नाही. असं लिहायचे दुकानदाराकडून किती मिळतात?”

मतभेदाला माझी ना नाही. आपण आकडे मांडून ‘हे चूक आहे’ म्हटलं असतं तर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण ‘खेळणं’ हा काही मुद्दा होत नाही. एखादा माणूस पगारातून पैसे बाजूला टाकून पहिलं मशीन घेतो आणि त्याला असा शेरा वाचायला मिळतो. तो मग एक तर मशीन घेतच नाही किंवा गरज नसलेलं घेऊन बसतो. माझं पोट लाकडावर आणि हवेच्या अवजारांवरच चालतं, लकडगंजातल्या वखारवाल्यांना विचारा हवं तर. म्हणून या एका शब्दाला सविस्तर उत्तर देतोय.

टाकीचा हिशेब करू. २४ लिटरची टाकी ८ बारपर्यंत (बार म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) भरली. ब्रॅड गन ५ बारपर्यंत, म्हणजे साधारण ७० पीएसआयपर्यंत खिळा नीट बसवते. मधले ३ बार आपल्या कामाचे. ३ गुणिले २४ म्हणजे ७२ लिटर मोकळी हवा. एफ-३०, म्हणजे ३० मिलिमीटर लांबीची पिन मारायला अशा गनला ट्रिगरच्या एका दाबाला पाऊण लिटरच्या आसपास हवा लागते. म्हणजे मोटर अजिबात सुरू झाली नाही तरी ९०-१०० पिना निघतात. आता २१०० बाय ९०० मिलिमीटरचा दाराचा पल्ला घ्या. चारही कडांची बीडिंग (कडेने लावायची लाकडी पट्टी) मिळून ६ मीटर, दर १५ सेंटिमीटरला एक पिन, म्हणजे ४० पिना. पल्ल्याच्या पुढची-मागची दोन्ही बीडिंग एका टाकीत होते आणि वर थोडी हवा उरते. प्रत्यक्षात दाब साडेपाच-सहा बारला आला की प्रेशर स्विच मोटर चालू करतो, त्यामुळे तुमची पुढची पट्टी कापून होईपर्यंत टाकी परत भरलेली असते. सांगा बरं, यात खेळण्यासारखं काय आहे?

५० लिटरची टाकी असली तर याच हिशेबाने २०० पिना निघतील, बरोबर. पण गच्चीवरची टाकी मोठी केली म्हणून नळ जास्त वेळ येत नाही. हवा पंप बनवतो, टाकी ती नुसती साठवते. तोच १ एचपीचा पंप २४ लिटरची टाकी दोन-अडीच मिनिटांत भरतो आणि ५० लिटरला पाचेक मिनिटं घेतो.

“म्हणूनच तर २ एचपी म्हणतोय,” असं आपण म्हणाल. म्हणा. पण फ्लॅटमधल्या खोल्यांचे साधे सॉकेट ६ अँपियरचे असतात. ७५० वॅटची मोटर चालताना चार-पाच अँपियर घेते, तिथे भागतं. १५०० वॅटची मोटर ६ च्या वरच जाते आणि सुरू होताना तर काही पटींनी जास्त ओढते. तिला १६ अँपियरचा पॉइंट लागतो. तो घरात एसी, गीझर किंवा किचनच्या ओट्यापाशी असतो, आणि काम असतं बेडरूममध्ये. मग काय करायचं? एक्स्टेंशन बोर्ड लावायचा!

आणि इथेच निम्मी मशीन ‘खराब’ ठरतात. बाजारातल्या साध्या बोर्डाची वायर बहुतेक वेळा ०.७५ स्क्वेअर एमएमची असते. १५ मीटर वायर असेल तर मोटर उचल घेताना १५-२० व्होल्ट त्या वायरमध्येच गळतात. मे महिन्यात वस्तीभर कूलर आणि एसी चालू असतात, व्होल्टेज आधीच उतरलेलं असतं. मोटर नुसती ‘हूँ’ करते, फिरत नाही आणि ओव्हरलोड उडतो. दुकानदार म्हणतो कॅपॅसिटर गेला, घेणारा म्हणतो मशीनच हलकी. उपाय साधा आहे. कंप्रेसर भिंतीच्या सॉकेटपाशीच ठेवा आणि लांबी हवेच्या पाइपात घ्या. ८ मिलिमीटरचा १०-१५ मीटर पाइप ब्रॅड गनला आरामात पुरतो. वायर लांबवावीच लागली तर २.५ स्क्वेअर एमएमची घ्या. मोठ्या मशीनला तर हे दुपटीने लागू आहे, आणि ते आपल्या प्रतिक्रियेत कुठेच नाही.

अशीच आणखी एक गोष्ट मशीनच्या माथी मारली जाते. टाकी भरून मोटर बंद होते तेव्हा प्रेशर स्विचखालून ‘फुस्स’ असा छोटा आवाज येतो. पंप आणि टाकी यांच्यामधल्या नळीत अडकलेली हवा सुटते ती. हा आवाज सेकंदा-दोन सेकंदांत थांबला पाहिजे. फुसफुस चालूच राहिली तर टाकीच्या तोंडाशी असलेल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये (टाकीतली हवा मागे येऊ न देणारी झडप) कचरा अडकला आहे. मग पुढच्या वेळी मोटरला भरल्या दाबावर उचल घ्यावी लागते आणि ती अडते. टाकी पूर्ण रिकामी करायची, विजेचा प्लग काढायचा, व्हॉल्व्हचा पितळी नट खोलायचा, आतला रबर पुसून परत बसवायचा. एवढ्याने काम होतं. ५० लिटरच्या मशीनमध्येही हाच व्हॉल्व्ह असतो आणि तोही असाच अडकतो.

उन्हाळ्याबद्दल मात्र आपलं ऐकतो. ऑइल-फ्री पंपात थंडावा द्यायला तेल नसतं, टेफ्लॉनची रिंग कोरडीच घासते. अशी मशीन बहुधा निम्मा वेळ चालण्यासाठीच बनलेली असते. दहा मिनिटांत पाच मिनिटं मोटर, बाकी आराम. ४५ अंशात गच्चीवर उन्हात ठेवली तर थर्मल कटआउट उडणारच, आणि हे मूळ लेखात एक ओळ जास्त लिहून सांगता आलं असतं. सावलीत ठेवा, भिंतीपासून फूट-दीड फूट लांब ठेवा. गरम होऊन बंद पडली तर वीसेक मिनिटं हात लावू नका. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका. ती ओली हवा पंप ओढतो, टाकीत पाणी साचतं आणि तेच पाणी गनमध्ये जाऊन आतलं लोखंड गंजवतं. टाकीखालचा ड्रेन कॉक रोज काम संपल्यावर उघडायचा. पावसाळ्यात तर तांबूस पाणी निघालेलं दिसेलच. पण यावरून ‘२ एचपीच घ्या’ कसं निघतं, ते मला कळलेलं नाही.

बाकीचं भराभर. ब्रॅडने टिकत नाही म्हणता. नाहीच टिकत, कारण टिकवायचं काम फेव्हिकॉलचं असतं. गोंद सुकेपर्यंत तुकडा जागेवर धरून ठेवायला पिन असते. पट्टीच्या जाडीच्या अडीच-तीन पट लांब पिन घ्या. १० मिलिमीटरच्या बीडिंगला एफ-३० बरोबर बसते. प्लायच्या कडेत मारताना गन कडेला आडवी, म्हणजे काटकोनात धरा, म्हणजे पिन वळलीच तर कडेच्या लांबीत वळेल, बाहेर फुटून बोटात घुसणार नाही. सागवानी चौकटीला जाड पट्टी लावायची तर १६ गेज लागते. ज्यावर वजन येणार तिथे स्क्रू, यात वाद नाही. हे सगळं त्याच लेखात तिसऱ्या परिच्छेदात आहे. न वाचता लिहून राहिले तुम्ही, त्याला मी काय करू?

आपले मिस्त्री हातोड्यानेच चुका (बारीक खिळे) ठोकतात, असंही शेवटी लिहिलंत. ठोकू द्या ना बाप्पा! हातोड्याने चूक मारायची तर पट्टी एका हाताने धरावी लागते. पट्टी सरकते आणि चुकेचं डोकं आत दाबायला परत सुंबा (ठोकायचा पंच) लागतो. गनने ते एका हाताने होतं आणि लांबी (पुट्टी) भरायला बारीकसं भोक उरतं. कोणाला काय आवडावं यावर मी कधी बोललो नाही.

५० लिटर कोणी घ्यावा, हेही लेखात होतं. स्प्रे गनने फर्निचर पॉलिश करायचं असेल, टायर खोलायची इम्पॅक्ट गन चालवायची असेल किंवा पॅलेट ठोकायची कॉइल नेलर दिवसभर चालणार असेल, तर २४ लिटर अपुरा आहे. या अवजारांना सतत हवा लागते. ब्रॅड गन घोट-घोट पिते.

आणि राहिला ‘दुकानदाराकडून किती मिळतात’ हा प्रश्न. लेखात एकाही कंपनीचं किंवा दुकानाचं नाव नाही. इतवारीत लोहा ओळीत जा, चार दुकानांत विचारा, कुठूनही घ्या. दुकानदाराचाच फायदा बघायचा असता तर मोठं मशीन घ्या म्हटलं असतं, जे आपण म्हणता आहात. उलटा प्रश्न मी विचारत नाही, मला ती सवय नाही.

पुढे लिहायचंच असेल तर आपल्या २ एचपी मशीनच्या पाटीवरचा आकडा कळवा. ‘डिस्प्लेसमेंट’ नको, तो पंपाच्या मापावरून काढलेला कागदी आकडा असतो आणि हातात येणारी हवा त्याहून बरीच कमी असते. ‘एफएडी’, म्हणजे प्रत्यक्ष हातात येणारी मोकळी हवा, किती बारला मिनिटाला किती लिटर लिहिलीय, तेवढंच सांगा.