पाणी कोणी मारलं, तेही लिहा

‘आम्ही बारा जणांनी परदेशात दहा दिवसांत चर्च उभं केलं’ हे तुमच्या लेखातलं वाक्य, ताई, मला खटकलं. दहा दिवसांत भिंती चढतात. काँक्रीटची ताकद मोजतातच 28 दिवसांनी, आणि निदान पहिला आठवडाभर त्याच्यावर रोज पाणी मारावं लागतं. तुम्ही विमानात बसल्यावर ते कोणी मारलं?

हे मी रागानं नाही, अनुभवानं लिहितोय. अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या गावात प्रार्थनेच्या हॉलसाठी बाहेर देशातून अशीच तरुण मंडळी आली होती. मनानं फार चांगली पोरं, उन्हात विटा वाहिल्या, आमच्यासोबत पंगतीला बसून झुणका-भाकर खाल्ली. पण आमच्याकडची जमीन काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेल्याशिवाय भिंत टिकत नाही, हे गावातला मिस्त्री सांगत होता. परतीची तिकिटं ठरलेली म्हणून पाया वरच आटोपला. दुसऱ्या उन्हाळ्यात वेदीमागची भिंत खिडकीपासून तिरपी चिरली. ती पाडून पुन्हा बांधली त्याच मिस्त्रीनं आणि चार रेजांनी, म्हणजे बांधकामावरच्या मजूर बायांनी, तीही हंगामाची मजुरी सोडून. त्यांचा फोटो कुठेच नाही.

ताई, तुमच्या त्या गावातही कोणी मिस्त्री असेलच. पुढच्या लेखात त्याच्याशी बोलून लिहा, भिंत आज कशी आहे तेही विचारा. मी वाट पाहीन.